पहिल्या घासाबरोबर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)

१९८७ च्या दहावीच्या माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही. पंधरा मिनिटं मी आज सकाळी संयोजकांकडून मागून घेतली आहेत. कारण कालची पंगत.

काल रात्री रोडगे होते, वांग्याची भाजी होती, वरणावर तुपाची धार होती. पहिला घास तोंडात घालायच्या आधी मी खिशातून एक डबी काढली आणि एक कॅप्सूल गिळली. निम्मं जेवण झाल्यावर दुसरी गिळली. समोर आमचा शेवटच्या बाकाचा जुना भिडू बसला होता. तो म्हणाला, "काहून बे, शुगर झाली काय तुले?" म्हटलं, नाही. "मंग बीपी?" तेही नाही. "मंग कायची हाय?" मी म्हटलं, पोटाची आहे. तेवढ्यात पंगतीच्या दुसऱ्या टोकाहून आवाज आला, "कमी पेत जाय मनावं त्याले!" सगळे हसले. मीही हसलो. ज्यानं म्हटलं त्याच्या मनात काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण रात्री झोप आली नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना २०१८ चा मेळावा आठवत असेल. त्यात मी अर्ध्या तासात उठून गेलो होतो. माझं वजन तेव्हा ७६ किलोवरून ५८ वर आलं होतं. डोळे खोल गेलेले, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. त्यानंतर आपल्या ग्रुपवर काय चर्चा झाली ते मला कळलं होतं. 'तो प्यायला लागला, लिव्हर गेलं.' मी काहीच खुलासा केला नाही. काय सांगणार? खरं कारण सांगायचं तर संडासातली गोष्ट सांगावी लागली असती. आज ती सांगणार आहे. गुरुजनांची आधीच माफी मागतो.

आपले विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. सर, नववीत तुम्ही पचनसंस्थेची आकृती काढली होती आणि मला उभं करून विचारलं होतं, स्वादुपिंड कुठे असते? नाव ऐकून मला ती मिठाईच्या दुकानातली वस्तू वाटली. मी काहीतरी भलतंच सांगितलं आणि डस्टर खाल्लं. सर, ते जठराच्या मागे असतं, आडवं, साधारण वीतभर लांब. रोज सुमारे दीड लिटर रस आतड्यात सोडतं. पिठूळ पदार्थ फोडायला अमायलेज, प्रथिनं फोडायला प्रोटिएज आणि तेल-तूप फोडायला लायपेज, असे पाचक घटक त्या रसात असतात. इन्सुलिनही तेच तयार करतं, पण ते रक्तात जातं. म्हणजे एका घरात दोन धंदे. माझा पहिला धंदा बुडाला आहे, दुसरा अजून कसाबसा चालू आहे. दर तीन महिन्यांनी साखर तपासतो.

सुरुवात २०१६ च्या दिवाळीनंतर झाली. पोटाच्या वरच्या भागात अशी कळ उठली की ती थेट पाठीत निघाली. गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसलं तरच जरा बरं वाटे. अकोल्याला नेलं. स्वादुपिंडाला सूज होती आणि नळीत खडे होते. तिथे चार दिवसांत मला तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं, किती घेता? मी माळकऱ्याच्या घरचा. घरात कांदा-लसूणसुद्धा माय बेतानंच वापरायची. नाही म्हटलं तरी मान हलवायचे, म्हणजे 'खोटं बोलतोय' अशी. दारू हे या आजाराचं मोठं कारण आहे, हे खरंच. त्यामुळे त्यांनी विचारलं यात चूक नव्हती. पण पित्ताशयातले खडे, जनुकातले दोष अशी इतर कारणंही असतात, आणि कधी कारण सापडतच नाही. आपल्या देशात तर दारूला न शिवलेल्या तरुण माणसांमध्ये हा आजार पुष्कळ आढळला. केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून अशा रुग्णांचा आयुष्यभर अभ्यास केला. पुढे हैदराबादच्या संशोधकांना अशा बऱ्याच रुग्णांमध्ये एका जनुकातला बदल सापडला. मीही हैदराबादलाच गेलो. खडा बाहेरून धक्के देऊन फोडला, दुर्बिणीतून काढला. कळ थांबली. मी समजलो, सुटलो.

पण खरी गंमत पुढेच होती.

कळ गेली आणि भूक परत आली. खायचो भरपूर, पण अंगी लागेना. आणि संडासाला होऊ लागलं ते फिकट, तेलकट, वर तरंगणारं. वास असा की घरातली माणसं बाहेर अंगणात जात. एका बादलीत ते जायचं नाही, दोन लागत, कधी तीन. उन्हाळ्यात आपल्या रिसोडात पाण्याची काय दशा असते ते तुम्हाला सांगायला नको. टँकरच्या पाण्याचा हिशोब ठेवणारी माझी बायको पहिल्यांदा म्हणाली, "हे काही बरोबर नाही, पुन्हा दाखवा." आजार आधी तिच्या बादल्यांच्या हिशोबात सापडला, डॉक्टरांच्या कागदावर नंतर आला.

मी दाखवलं. जंतांचं औषध झालं, आमांशाचं झालं, आतडं नाजूक आहे म्हणून झालं. एकांनी सांगितलं, तेल-तूप पूर्ण बंद करा. केलं. उकडलेला भोपळा आणि भात. वजन आणखी पाच किलो उतरलं. मेडिकलमधून जेवणानंतरची पाचक गोळी आणून खात होतो. तिच्या पाकिटावर बुरशीपासून केलेलं डायस्टेज आणि पपईचं पपेन लिहिलेलं होतं. लायपेजचं नाव नव्हतं. तेव्हा ते वाचायची अक्कल नव्हती.

मग एक वेगळीच गोष्ट झाली. मी तेव्हा वाशीमला बँकेत होतो, रोज गाडीने जाणं-येणं. हिवाळ्यात सहा वाजताच दिवस बुडतो. एका संध्याकाळी रिठदच्या पुढे मला रस्त्याची कडा दिसेनाशी झाली. समोरून ट्रकचा उजेड आला की डोळ्यांपुढे सगळं पांढरं, तो गेला की काळं. गाडी कडेला लावून मी अर्धा तास बसून राहिलो आणि शेवटी पोराला फोन करून बोलावलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र नेमका प्रश्न विचारला, "पोटाचं काय?" अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात. चरबीच शोषली जात नसेल तर तीही तशीच निघून जातात. माझं 'अ' संपत आलं होतं, म्हणून रातांधळेपणा. 'ड' संपलं होतं, म्हणून जिना चढताना मांड्या भरून यायच्या. त्याला मी वय म्हणत होतो.

अकोल्याच्या पोटविकार डॉक्टरांनी मग विष्ठेची एक साधी तपासणी लिहून दिली. तिचं नाव इलास्टेज. नमुना मुंबईला गेला. २०० च्या वर आकडा असेल तर ठीक, १०० च्या खाली म्हणजे मोठी कमतरता. माझा ३८ आला. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाची दहापैकी नऊ आणे कामगिरी बंद पडेपर्यंत अशी तेलकट संडास दिसत नाही, इतकी त्याची शिल्लक मोठी असते. (आणे त्यांचे नव्हेत, माझे. गणिताच्या सरांनी दुर्लक्ष करावं.)

तो मार्च २०१९ चा महिना होता. त्याच महिन्यात मनोहर पर्रीकर गेले. टीव्हीवर दिवसभर 'स्वादुपिंडाचा कर्करोग' हे शब्द. माझा रिपोर्ट हातात आणि बायको टीव्हीसमोर. तिनं मला काही विचारलं नाही, फक्त रिपोर्टातला तोच शब्द बोटानं दाखवला. डॉक्टरांना फोन लावून तिच्या हातात दिला तेव्हा तिला खरं वाटलं की अवयव एक असला तरी आजार वेगळा आहे.

उपाय एका ओळीचा होता. जे स्वादुपिंड करत नाही ते बाहेरून द्यायचं. कॅप्सूलमध्ये पॅन्क्रिअ‍ॅटिनचे बारीक दाणे असतात, खसखशीपेक्षा जरा मोठे. लायपेज जठरातल्या आम्लात मरतं, म्हणून प्रत्येक दाण्यावर आम्ल न लागणारं वेष्टन असतं. ते पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतं. म्हणून कॅप्सूल चावायची नाही. मला २५,००० युनिटची लिहून दिली. मोठ्या जेवणाला दोन, मधल्या खाण्याला एक. आणि गंमत म्हणजे तेल-तूप परत सुरू करायला सांगितलं. 'आता पचवायला सोय झाली आहे, तर उपाशी कशाला मरता?' असं ते म्हणाले.

तीन महिने घेतलं. वजन ५१ वरच. बादल्या दोनच.

परत गेलो तर त्यांनी विचारलं, "कॅप्सूल कधी घेता?"

"जेवण झाल्यावर."

"जेवताना घ्या असं लिहिलंय ना?"

मी गप्प. त्यांनी फार रागावून नाही, पण एक प्रश्न विचारला जो मी विसरलेलो नाही. "मीठ वरणात घालता, की वरण संपल्यावर चाटता?"

ते दाणे अन्नात मिसळून, अन्नाबरोबर आतड्यात उतरले तरच उपयोग. अन्न पुढे गेलं की मागून धावणारे दाणे काय करणार? हे मला कळत नव्हतं असं नाही. कागदावर लिहिलेलं होतं. पण बँकेत आम्ही चौघं एकत्र डबा खायचो. डब्यापुढे कॅप्सूल काढली की प्रश्न, आणि प्रश्नाच्या मागे 'किती घेता?'. म्हणून मी जेवून घ्यायचो, हात धुवायला जायचो आणि बेसिनपाशी पाठ करून गिळायचो. लग्नाच्या पंगतीत तर घ्यायचोच नाही. म्हणजे जिथे तूप जास्त तिथे औषध शून्य. लाजेपायी महागाचं औषध मी तीन महिने गटारात सोडलं.

हे झालं बँकेचं. घरी लपवायचं कारण वेगळं होतं.

पाकिटात घडी करून ठेवलेला कागद मी पहिल्याच आठवड्यात वाचला होता. हे पॅन्क्रिअ‍ॅटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. बिस्किटाच्या पुड्यावर शाकाहाराची हिरवी किंवा मांसाहाराची तपकिरी खूण असते, माझ्या कॅप्सूलच्या पाकिटावर तशी काही नव्हती. वाचलं नसतं तर कळलंही नसतं. इन्सुलिनचीही एके काळी हीच गत होती. १९२१ साली टोरांटोत शोध लागला, त्यानंतर साठ वर्षं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून जिवाणूंकडून तयार केलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. या औषधाला तसा पर्याय अजून रूढ झालेला नाही.

माझी माय गळ्यात तुळशीची माळ घालणारी. शेगावची पालखी आषाढीला रिसोडावरून जाते, तेव्हा आमच्या अंगणात वारकऱ्यांना पिठलं-भाकरी असते, पन्नास वर्षांपासून. ती माझ्या शेजारी बसून जेवायची. तिच्यासमोर ती कॅप्सूल तोंडात घालायची माझी छाती होत नव्हती. तिला 'शक्तीची गोळी' म्हणून सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता. तेच मला नको होतं.

वरणाचा प्रश्न ऐकून आलो त्या रात्री मी तिला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "तुह्यासाठी मारलं काय ते?" मी सांगितलं, मांसासाठी मारतात, हा अवयव उरतो, त्यातून काढतात. "दुसरं काही न्हाई?" नाही. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रात्री ताटाजवळ पाण्याच्या गडव्याशेजारी स्टीलची एक डबी होती, झाकण लावलेली. माझ्या कॅप्सूल त्यात. म्हणाली, "घे पहिल्या घासाले. फकस्त माह्या देवघराच्या कोनाड्यात ठेवू नको." तेवढंच. ती डबी अजून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात असते, आणि कालची ही खिशातली डबी तिचीच धाकटी बहीण. माय मात्र एकादशीला माझ्याबरोबर फराळाला बसत नाही, वेगळी बसते. शेंगदाण्याच्या कुटाची खिचडी म्हणजे तेलच, तिला कॅप्सूल लागतेच. माझा उपास मोडतो की नाही यावर आमचं अजून एकमत नाही.

आपल्या वर्गातल्या एका मुस्लिम मित्राला मी हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं. त्याचं नाव घेत नाही, तो इथे आहे. तो एकदम गप्प झाला. त्याच्या भावाचं स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालं होतं, हीच कॅप्सूल होती, आणि कशापासून होते ते कळल्यावर भावानं ती कोणाला न सांगता बंद केली होती. घरच्यांना वाटत होतं ऑपरेशन फसलं. मित्र मौलानांकडे गेला. त्यांनी विचारलं, दुसरं औषध आहे का? नाही. न घेतल्यास जीव खचतो का? हो. मग घ्या, असं त्यांनी सांगितलं. भावानं परत सुरू केली. तुमचा धर्म काय सांगतो ते तुमच्या माणसाला विचारा, मी त्यातला नाही. पण डॉक्टरांना न सांगता बंद करू नका, आणि डॉक्टरांनीही हे आधीच सांगायला हवं, असं माझं मत आहे. माणसाला कागद वाचून कळावं हे बरोबर नाही.

पहिल्या घासाला एक आणि मध्ये एक, असं नीट सुरू केल्यावर पंधरा दिवसांत बादली एकवर आली. बायकोनं सांगितलं, मी नाही. सहा महिन्यांत नऊ किलो वाढलं. 'अ' जीवनसत्त्वही वेगळं घेतलं, आणि आता रिसोडहून रात्री गाडी चालवतो, हळू चालवतो. एक चूक मात्र मे महिन्यात झाली. महिन्याभराच्या कॅप्सूल गाडीच्या डिक्कीत राहिल्या. पाकिटावर लिहिलेलं असतं २५ अंशांच्या खाली ठेवा, आणि आपल्याकडे सावलीत ४४. औषध वरून तसंच दिसतं, काम करत नाही. पुन्हा तरंगायला लागलं तेव्हा लक्षात आलं. गरम चहाबरोबरही घेत नाही. साधं पाणी.

खर्च आहे, आणि तो जन्मभराचा आहे. पेन्शन असलेल्या माणसाला झेपतो. ज्याची चार एकर सोयाबीन आहे त्याला कसा झेपणार, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपण दहावी झालो तेव्हा आपला जिल्हा अकोला होता, १९९८ मध्ये वाशीम जिल्हा झाला, २०२४ मध्ये वाशीमला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. ही तपासणी आणि हे औषध तिथे सहज मिळावं, यासाठी आपल्यापैकी जे जिल्हा परिषदेत, आरोग्य खात्यात मोठ्या जागेवर आहेत त्यांनी कधी शब्द टाकावा. मी अर्ज लिहून आणला आहे, सही नंतर घेईन.

आणखी एक. माझा डोस हा माझा डोस आहे. भाषण ऐकून कोणी मेडिकलवर जाऊन कॅप्सूल घेऊ नका. साधा गॅस, साधं अपचन याला हे औषध नाही. पण खाऊनही वजन उतरत असेल, संडास तेलकट, तरंगणारी असेल, आणि एका बादलीत जात नसेल, तर लाजू नका, हेच शब्द डॉक्टरांना सांगा. मी 'पोट बिघडलंय' एवढंच सांगत होतो, त्यात दीड वर्ष गेलं.

काल ज्यानं 'कमी पेत जाय' म्हटलं तो मागच्या रांगेत मान खाली घालून बसला आहे. अरे वर बघ. तुझ्यामुळे हे बोलता आलं.

संयोजक घड्याळ दाखवतायत. दुपारच्या जेवणात तर्रीची भाजी आणि बुंदी आहे असं कळतं, म्हणजे आज दोनच्या जागी तीन. डॉक्टरांनी तशी मुभा दिली आहे. ज्यांना कॅप्सूल हातात घेऊन पाहायची आहे त्यांच्यासाठी डबी फिरवतो आहे. आत मोजून आठ आहेत. आठ परत आल्या पाहिजेत.